केंब्रिजमध्ये ‘सोपं’ कॉलेज नावाचा प्रकार नाही

तुमचा प्रश्न असा: मुलगी केंब्रिजला इंजिनिअरिंगसाठी अर्ज करणार आहे, आणि अर्जात कॉलेज निवडायचं असतं. ट्रिनिटीवर अर्जांच्या उड्या पडतात, तेव्हा गर्टनसारखं कमी मागणीचं कॉलेज टाकलं तर तिचं काम सोपं होईल का?

नाही होणार. आणि ‘सेफ कॉलेज’ची यादी करून देण्याचे पैसे घेणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

त्या यादीमागचं गणित एवढंच असतं: अर्ज भागिले जागा. समजा एका कॉलेजात एखाद्या विषयाच्या २ जागा आहेत आणि यंदा ६ अर्ज आले. एका जागेला तीन अर्ज, म्हणजे ‘सोपं’. पुढच्या वर्षी तोच आकडा पाहून १४ जण तिकडे वळले की एका जागेला सात. इतक्या लहान संख्येवरून अंदाज बांधणं म्हणजे नाणं दोनदा उडवून त्याला खोटं ठरवणं. शिवाय अर्ज किती आले यावरून अर्जदार कसे होते हे कळत नाही.

पण खरी गोष्ट वेगळी आहे आणि तिचं नाव विंटर पूल. मुलाखती बहुतेक डिसेंबरमध्ये होतात. प्रत्येक कॉलेज आपल्या जागा भरतं. जे विद्यार्थी चांगले आहेत पण जागेअभावी घेता आले नाहीत, त्यांच्या फायली जानेवारीत पूलमध्ये जातात. तिथे दुसऱ्या कॉलेजांचे डायरेक्टर ऑफ स्टडीज, म्हणजे त्या विषयाची जबाबदारी असलेले शिक्षक, त्या वाचतात: शाळेचे गुण, प्रवेशपरीक्षेचा स्कोअर, मुलाखत घेणाऱ्यांचे शेरे, सगळं. ज्याच्याकडे जागा आहे तो तिथून विद्यार्थी उचलतो, क्वचित पुन्हा मुलाखतही घेतो. दरवर्षी शेकडो मुलांना अशी ऑफर मिळते. आता तुमच्या ‘सोप्या’ कॉलेजाच्या बाजूने विचार करा. त्यांच्याकडे थेट आलेले अर्ज कमी, पण समोर ट्रिनिटीतून सुटलेल्या तगड्या फायलींचा ढीग. ते मधल्या फळीतला थेट अर्जदार घेतील की पूलमधला सरस विद्यार्थी? अर्ज कुठेही टाका, तुलना शेवटी त्या विषयाच्या सगळ्या अर्जदारांशीच होते. पूल आहे म्हणून काहीच अन्याय होत नाही असं मी म्हणत नाही, पण मागच्या दाराने आत शिरण्याची वाट तो नक्की बंद करतो.

मग कॉलेजाने फरक कशात पडतो?

पहिला, फीमध्ये. परदेशी विद्यार्थ्याला युनिव्हर्सिटीच्या ट्यूशन फीवर वेगळी कॉलेज फी भरावी लागते. ट्यूशन फी विषयावर ठरते आणि सगळ्या कॉलेजांत सारखी असते. कॉलेज फी मात्र प्रत्येक कॉलेजाची निराळी. इंजिनिअरिंगचा एमएंग हा पदवीचा कोर्स चार वर्षांचा आहे. दोन कॉलेजांच्या फीत वर्षाला १,००० पाऊंडांचा फरक असेल तर तेच ४,००० पाऊंड झाले, आणि ही रक्कम दरवर्षी वाढते ती वेगळी. हा तक्ता लोक उघडूनही बघत नाहीत.

दुसरा, राहण्याच्या करारात. टर्म जेमतेम आठ आठवड्यांची, वर्षात तीन. काही कॉलेजं सुट्टीत खोली रिकामी करायला लावतात, काही जास्त आठवड्यांचा करार देतात. इतक्या लांबून जाणाऱ्या मुलीने डिसेंबरात सामान कुठे ठेवायचं हे आधीच विचारा. स्वयंपाकघराचंही तेच. बऱ्याच ठिकाणी मजल्यावर छोटी सामायिक जागा असते, तिला तिथे ‘जिप’ म्हणतात. कुठे ओव्हन नाही, कुठे शेगडीही नाही, फक्त मायक्रोवेव्ह. आणि काही कॉलेजांत मेसमध्ये न जेवताही स्वयंपाकघराचा ठरावीक आकार भरावा लागतो. स्वतः रांधून खाणाऱ्याला हे महागात पडतं.

तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा: त्या कॉलेजात दरवर्षी इंजिनिअरिंगचे किती विद्यार्थी घेतात. लेक्चर, प्रयोगशाळा, परीक्षा सगळं डिपार्टमेंटचं, पण सुपरव्हिजन, म्हणजे शिक्षकासमोर एक-दोघांनी बसून घ्यायची शिकवणी, कॉलेज लावून देतं, आणि इंजिनिअरिंगमध्ये ती बहुधा दोघादोघांची असते. वर्षात चारच जण असतील आणि जोडीदाराशी वेग जुळला नाही, तर बदलायला फारसं कुणी नसतं. चर्चिलसारख्या ठिकाणी सुमारे ७० टक्के जागा विज्ञान-तंत्रज्ञानाला असतात, तिथे ही अडचण कमी. लहान कॉलेजात मात्र ओळखी लवकर होतात, काहींना तेच हवं असतं. गर्टन शहराच्या मध्यापासून सुमारे ४ किलोमीटरवर आहे, इंजिनिअरिंगची मुख्य इमारत ट्रम्पिंग्टन स्ट्रीटवर. थंडीत सकाळी नऊच्या लेक्चरला सायकल मारायची तयारी असेल तर गर्टन उत्तम, मोकळी जागा भरपूर आहे.

हे सगळं बघूनही ठरत नसेल तर सरळ ओपन ॲप्लिकेशन करा, म्हणजे कॉलेज न निवडता अर्ज. यूकॅसवर, म्हणजे ब्रिटनच्या विद्यापीठांसाठीच्या सामायिक अर्जाच्या साइटवर, केंब्रिजचा कोड सी०५, आणि कॉलेजाच्या जागी ९. मग ज्या कॉलेजाकडे त्या विषयाचे अर्ज तुलनेने कमी, तिथे संगणक अर्ज पाठवतो. ‘ओपन टाकलं तर मूल गंभीर नाही असं वाटतं’ हे मी कितीदा ऐकलंय, आणि दर वेळी सांगत आलोय की ते साफ चूक आहे. वाटप झाल्यावर तो अर्ज त्या कॉलेजाच्या इतर अर्जांसारखाच धरला जातो. अट एकच: वाटलेलं कॉलेज मग बदलता येत नाही. एखादं कॉलेज अजिबात नको असेल तर ओपन करू नका.

काही गोष्टी राहिल्या. न्यूनहॅम आणि मरे एडवर्ड्स फक्त मुलींसाठी आहेत. ह्यूज हॉल, सेंट एडमंड्स आणि वुल्फसन २१ किंवा जास्त वयाच्यांसाठी, म्हणजे तुमच्या मुलीच्या यादीतून बाद. विषय बदलला तर तो त्या कॉलेजात आहे का ते पुन्हा तपासा, सगळे विषय सगळीकडे नसतात. ऑक्सफर्डला कॉलेज फी वेगळी नसते, कोर्स फीतच धरलेली असते. पण पदवीसाठी एका वर्षात दोन्हीकडे अर्ज करता येत नाही.

आणि कॉलेजाच्या नादात ईसॅट ही प्रवेशपरीक्षा विसरू नका. इंजिनिअरिंगला मॅथ्स १, मॅथ्स २ आणि फिजिक्स हे तीन भाग लागतात, प्रत्येकी ४० मिनिटांत २७ प्रश्न, कॅल्क्युलेटरशिवाय. केंब्रिजसाठी ऑक्टोबरचीच फेरी चालते आणि तिची नोंदणी सप्टेंबरातच बंद होते. यूकॅसची मुदत १५ ऑक्टोबर असली तरी तोवर थांबलात तर परीक्षा हुकलेली असेल, मग सी०५ पुढे कुठलंही कॉलेज लिहा.