कॅमेऱ्याच्या कार्डावरचे फोटो लॅपटॉपवर घेऊन नीट कसे लावावेत? कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?

सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आधी सांगा, कार्डावरून फोटो 'कट' करता की 'कॉपी'? कट करत असाल तर आजपासून बंद करा.

आमच्याकडे इंदूरला यावरून अजून धुसफूस चालू आहे. भाच्याची मुंज होती, रामबागेत. फोटो चुलतभावाकडे. दादाचा कॅमेरा भारी आणि कुणाचं ऐकायचं नाही ही खोड त्याहून भारी. ग्रहमखापासून मातृभोजनापर्यंत एक कार्ड भरलं, भिक्षावळीला दुसरं घातलं. नंबरिंग 'ऑटो रीसेट'वर, म्हणजे नव्या कार्डावर पुन्हा ०००१ पासून. रात्री साहेबांनी दोन्ही कार्डं कट करून 'मुंज' या एकाच फोल्डरात ओतली. लॅपटॉपने विचारलं, याच नावाच्या फाइली आहेत, रिप्लेस करू? दादा म्हणाला, कर! मातृभोजनावर भिक्षावळ बसली. कुणाच्या लक्षात येईतो रिकाम्या झालेल्या पहिल्या कार्डावर तो सराफ्यात जाऊन भुट्टे का कीस टिपून आला होता. मी फोटोरेक हे पुसलेले फोटो परत काढणारं सॉफ्टवेअर चालवलं. कीस अख्खा मिळाला. ताईच्या ताटात जेवणारा मुलगा मात्र अर्धा दिसतो, खाली सगळं राखाडी.

तर: प्रत्येक कार्डाला वेगळं फोल्डर, नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: '२०२४-०५-१२ मुंज'. दिवस आधी लिहिलात तर सगळ्या महिन्यांचे १२ तारखेचे फोल्डर एका जागी गोळा होतात. फाइलच्या नावातही तारीख-वेळ घाला, कारण रीसेट नसला तरी कॅमेरा ९९९९ नंतर ०००१ वरच येतो. डिजीकॅम हे सॉफ्टवेअर फुकट आहे, इंपोर्ट करतानाच नावं बदलून देतं. दुसरी प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर गेली, उघडून पाहिली, की मगच कार्ड फॉरमॅट, तेही कॅमेऱ्यातच.

दादाचं म्हणणं, तारखा कोणाला आठवतात, कार्यक्रमाचं नाव पुरे. अरे, घरात मुंज काय एकच झाली?

हां, हे सगळं कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर असेल तरच. दोन कॅमेरे असतील तर आधी वेळ जुळवून घ्या. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेल्यांत काढल्याची तारीख उरत नाही, ते वेगळ्या फोल्डरात टाका. मोबाइलवरच फोटो काढत असाल तर एवढा खटाटोप नकोच.