शौचानंतर कितीही धुतलं तरी स्वच्छ वाटत नाही, खाज सुटते. साबण लावावा का?

तुम्ही लिहिलंय की दिवसातून दोन-तीनदा साबणाने धुता, जेटचा फवारा आतपर्यंत मारता, आणि तरी तासाभराने खाज सुरूच. वाचताना मला माझाच सहा वर्षांपूर्वीचा अवतार आठवला, म्हणून लिहायला बसलो. मी डॉक्टर नाही. या एका जागेपायी दीड वर्ष हैराण झालेला माणूस आहे, एवढीच माझी पात्रता.

आधी सरळ उत्तर. साबण नको, जंतुनाशक तर अजिबात नको, आणि आतून धुणं बंद करा. साधं पाणी, हलका हात आणि त्यानंतर नीट कोरडं करणं, बास. यातलं शेवटचं आपल्याकडे कुणी शिकवतच नाही. लहानपणी आई धुवायला शिकवते, डाव्या हाताने कसं, किती पाणी, सगळं. पुसायला कोण शिकवतं? आपण धुतो आणि ओल्यावरच चड्डी चढवून कामाला लागतो. पावसाळ्यात ती चड्डीही धड वाळलेली नसते.

माझं असं झालं. बँकेत काउंटरवर बसायचं काम, सकाळी दहा ते संध्याकाळ खुर्चीला चिकटलेला. थोडी खाज सुरू झाली. मी स्वतःच निदान केलं की स्वच्छता कमी पडतेय. मग अंघोळीचा साबण आला. त्यानेही भागेना, म्हणून मगभर पाण्यात झाकणभर जंतुनाशक. ते झोंबायचं, आणि झोंबतंय म्हणजे काम करतंय अशी माझी ठाम समजूत. शेवटी औषधांच्या दुकानातून न विचारता एक मलम आणलं, स्टेरॉइडसकट तीन औषधं एकत्र असलेलं. चार दिवस स्वर्ग! थांबवलं की दुप्पट खाज. रात्री दोनला उठून ओरबाडायचो. एक दिवस चड्डीवर रक्ताचे ठिपके दिसले, तेव्हा मूळव्याधच झाली असं धरून बसलो आणि लाजेपायी आणखी दोन महिने घालवले.

शेवटी गेलो त्या त्वचारोगतज्ज्ञ बाई साठीच्या असतील. तपासलं आणि विचारलं, "तिथे काय काय लावता?" मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. साबण, जंतुनाशक, मलम, पावडर, खोबरेल तेलात कापूर. पाच नावं झाली. मग त्यांनी पाचही नावांवर आडवी रेघ मारली आणि तो कागद माझ्याकडे सरकवला. "हेच औषध," म्हणाल्या.

त्यांनी समजावलं ते असं. आपली कातडी किंचित आम्लधर्मी असते, साधारण 5.5 पीएच. साध्या साबणाच्या वडीचा पीएच 9 ते 10, म्हणजे उलट, अल्कधर्मी. रोज तीनदा तो चोळला की कातडीवरचा तेलकट थर जातो, बारीक भेगा पडतात, त्या खाजतात. खाजलं की आपल्याला वाटतं घाण राहिली, म्हणून पुन्हा धुवायचं. तिथली कातडी आधीच पातळ आणि नसांनी भरलेली. मलमातल्या स्टेरॉइडने ती आणखी पातळ होते, आणि बुरशीचा संसर्ग असेल तर तो दबून पुढे पसरतो. (नायटा आता लवकर बरा होत नाही अशी तक्रार घरोघरी ऐकू येते, त्यात या मलमांचा मोठा हात आहे.)

आता तुमच्या 'आतून' बद्दल. आतली नळी जेमतेम तीन-चार सेंटिमीटरची, गोल स्नायूंनी घट्ट मिटलेली, आणि आत स्वतःचा बुळबुळीत थर असलेली. तिला तुमच्या मदतीची गरज नाही. जोराच्या फवाऱ्याने पाणी वर गेलं की ते तिथे थांबतं आणि नंतर थेंब थेंब खाली झिरपतं. तासाभराने तुम्हाला जे ओलसर, अस्वच्छ वाटतं ते बहुधा तेच असणार. शिवाय आधीच चीर पडलेली असेल तर तो फवारा तिला भरूच देत नाही. जेट वापरा, पण नळ अर्धाच उघडून, थोडा लांबून, बाहेरून. मी तर पुन्हा मगावर आलो.

पुसायचं कसं? जुन्या पंचाचे वीतभर तुकडे फाडून घ्या. पंचा मऊ असतो आणि लगेच वाळतो, टॉवेलसारखा कुबट होत नाही. घासायचं नाही, टिपायचं. शाईवर टीपकागद दाबावा तसं. रोज नवा तुकडा, वापरलेले गरम पाण्यात धुवून उन्हात. आमच्याकडे सुरुवातीला ते तुकडे बेसिनजवळच्या खिळ्यावर असायचे. एकदा पाहुण्यांनी त्याला हात पुसले, तेव्हापासून खिळा संडासाच्या दाराआड गेला. परगावी असाल तर साधा कोरडा टिश्यू चालतो. सुगंधी ओले वाइप्स मात्र टाळा. त्यांत वापरलं जाणारं मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचं, वाइप्स खराब होऊ नयेत म्हणून घातलेलं रसायन अनेकांना पुरळ आणतं. 2013 साली अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संघटनेने त्याला 'वर्षातला ॲलर्जन' (ॲलर्जी आणणारा पदार्थ) ठरवलं होतं.

साबण हवाच, पण हाताला. नखं कापलेली, आणि निदान वीस सेकंद.

स्त्रियांसाठी एक गोष्ट वेगळी. धुताना आणि पुसताना दिशा पुढून मागे. मूत्रमार्ग आखूड असतो, आतड्यातले ई. कोलाय नावाचे जंतू पुढे सरकले की लघवीला जळजळ सुरू. मागून पुढे मारलेला जेट नेमकं हेच करतो. मुलींना धुवायला शिकवतानाच हे सांगावं.

तुमचं एक वाक्य मला महत्त्वाचं वाटलं: "चार-पाच मग पाणी लागतं." इतकं पाणी लागतं तेव्हा दोष बहुतेक वेळा धुण्याचा नसतो, पोटाचा असतो. शौच चिकट, अर्धवट होत असेल तर बाहेर कितीही धुवा. मी रात्री दोन चमचे इसबगोल मोठा पेलाभर पाण्यातून घ्यायला लागलो (कमी पाण्यात घेऊ नका, उलट अडकतं), जेवणात भाकरी, उसळ वाढवली, सहा चहांवरून दोनवर आलो आणि मोबाईल संडासाबाहेर ठेवला. पंधरा दिवसांत एका मगात काम व्हायला लागलं. फार आग होत असेल तर टबात कोमट साधं पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसा. त्यात काही टाकू नका. नंतर टिपून कोरडं करून साध्या व्हॅसलीनचं बोट.

घरात लहान मुलं असतील आणि खाज मुख्यतः रात्रीच असेल तर जंतांचा संशय घ्या. तेव्हा गोळी घरातल्या सगळ्यांना घ्यावी लागते, दोन आठवड्यांनी पुन्हा, आणि ती डॉक्टरांना विचारूनच. रक्त पडत असेल, शौच काळी होत असेल, गाठ लागत असेल, वजन घटत असेल किंवा पंचेचाळिशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवून आधी सर्जनला दाखवा. त्यांच्यासाठी ही रोजचीच जागा आहे, लाज आपल्यालाच वाटते.

आणि एक सांगून ठेवतो. साबण सोडल्यावर पहिला आठवडा फार चुळबुळ होईल. घाण राहिलीय असं वाटत राहील, हात आपोआप साबणाकडे जाईल. माझी बायको साबणाची वडी स्वतःच्या ताब्यात ठेवून अंघोळीपुरती काढून द्यायची. दहाव्या दिवशी रात्री सलग झोप लागली. कातडी पूर्ण सावरायला पाच आठवडे गेले.