संध्याकाळी सात ते नऊचं काय?

प्रश्न : दारूसाठी ३५ दिवसांचे उपचार घेऊन नवरा शनिवारी घरी येतोय. सासूबाई म्हणतात, दारू सोडवायची गोळी वरणात कालवून देत जा. रविवारी चुलतदिराची हळद आहे. मी काय तयारी करू? – एक वाचक, सांगली जिल्हा

ताई,

आधी गोळीचं. ती बहुधा डायसल्फिराम असेल. तिच्यावर दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळतो; कधी जिवावरही बेततं. म्हणून चोरून द्यायची नाही, वरणातून नाही की चहातून नाही. डॉक्टरांनी लिहून दिली असेल, तर नवऱ्यानं स्वतःच्या हातानं, तुमच्यासमोर घ्यावी. गोळी थांबवल्यावरही दोन आठवडे असर राहतो. दशमूलारिष्टासारख्या आसव-अरिष्टांत आणि काही खोकल्याच्या औषधांत अल्कोहोल असतं, तेही बंद. यकृताची तपासणी कधी करायची, ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

हळदीला जाऊ नका. बाटल्या तिथेच फुटतात. दिराला आजच फोन करून सांगा. लग्नाला अक्षता टाकून, जेवून लगेच परत या.

खरी कसोटी रोजच्या संध्याकाळची. पूर्वी ते सात ते नऊ प्यायचे ना? मग त्याच दोन तासांचं आधी ठरवा, आणि त्यांच्याशी बोलून ठरवा. कामावरून येताना बार लागत असेल तर रस्ता बदला. रिकाम्या पोटी तलफ जास्त उठते, तेव्हा आल्या आल्या पोहे, भाकरी, काहीही खायला द्या. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी एएची (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) मीटिंग; तुमच्यासाठी अल-अनॉन, म्हणजे अशा घरच्यांचा गट. पगार हिसकावून घेऊ नका, अपमान होतो. समुपदेशकासमोर ठरवा : पैसे खात्यात, त्यांच्या खिशात रोजच्या खर्चापुरते. घरी आल्या आल्या तोंडाचा वास घेणं मात्र सोडा. संशय घेतच आहेत तर पितोच, असं म्हणायला आयतं निमित्त मिळतं.

सुरुवातीचे काही आठवडे झोप लागणार नाही, चिडचिड होईल. मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्या आणू नका.

एखाद्या दिवशी प्यायलेच, तर भांडण दुसऱ्या दिवशीही करता येतं. उपचार केंद्राला फोन त्याच दिवशी करा (सरकारी हेल्पलाइन १४४४६). सलग काही दिवस प्यायले असतील, तर घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. थेट दवाखाना गाठा.

शनिवारी केंद्रातून निघताना फेरतपासणीची तारीख लिहून घ्या, आणि त्या दिवशी सोबत कोण जाणार तेही.