पाटल्या मोडण्याआधी एक सीझन

प्रश्न : मुलगा टी.वाय.बी.कॉम.ला आहे. दोन वर्षं मित्रांच्या घरच्या साखरपुड्यांना, मुंजींना फोटो काढतोय. फोटो छान येतात असं सगळेच म्हणतात. आता त्याला नोकरी नको, लग्नाच्या आणि पोर्ट्रेट फोटोग्राफीचा व्यवसाय करायचाय. कॅमेरे, लेन्स, लाइट मिळून साडेचार लाखांची यादी त्याने काढली आहे. त्याचे बाबा म्हणतात, आधी बँकेच्या परीक्षा दे. मी माझ्या पाटल्या मोडायला तयार आहे. पण याला करिअर म्हणतात का? आणि नातेवाइकांना सांगायचं काय?
– एक आई, धायरी

ताई,

नातेवाइकांना काही सांगू नका. त्यांच्याकडे पुढचं कार्य निघालं की त्यांचाच फोन येईल, आणि ‘आपला घरचाच आहे’ म्हणत ते फोटो फुकटात मागतील. त्या फोनवर काय बोलायचं, ते मात्र आजच ठरवून ठेवा.

याला करिअर म्हणतात. पुण्यात या कामावर घर चालवणारी, दोन-चार मुलांना कामाला ठेवणारी माणसं आहेत. तरीही पाटल्या तूर्तास कपाटातच राहू द्या. साडेचार लाखांची यादी वाईट नाही, फक्त ती एक वर्ष लवकर आलीय. बी.कॉम. पूर्ण होऊ द्या. या धंद्यात हिशेबावाचून बुडालेले मी जितके पाहिलेत, तितके वाईट फोटोंमुळे बुडालेले पाहिले नाहीत.

माझ्या पुतणीच्या लग्नाचा अल्बम तिच्या मुलाच्या बारशाच्या दिवशी हातात पडला. फोटो सुंदर होते, आजही नाव ठेवायला जागा नाही. पण त्या फोटोग्राफरचं नाव आमच्या घरातून पुढे कुणालाही सांगितलं गेलं नाही. नंतर घरात दोन लग्नं, एक मुंज झाली, तिन्ही कामं दुसऱ्याकडे गेली. तो माणूस कलेत कमी नव्हता. एकाच सीझनमध्ये त्याने झेपतील त्याच्या दुप्पट तारखा घेतल्या होत्या.

यापुढचं पत्र मुलाला वाचायला द्या.

मित्रा, तू ज्या साखरपुड्यांना फोटो काढलेस तिथे तू पाहुणा होतास. एखादा क्षण हुकला तरी कुणी विचारणार नव्हतं. लग्नात अंतरपाट एकदाच दूर होतो. शेवटचं मंगलाष्टक संपत आलंय, वाजंत्रीवाल्याकडे खूण गेलीय, दोन्ही मामा मागे उभे, आणि नेमक्या त्याच वेळी नवरीच्या तीन मावश्या मोबाइल उंचावून तुझ्यासमोर. वरून अक्षता. कॅमेऱ्याचा ऑटोफोकस कधी अंतरपाटाच्या कापडावर जाऊन बसतो, कधी हवेतल्या तांदळाच्या दाण्यावर. हार पडायला जेमतेम पाच सेकंद. ती पाच सेकंदं कुठे उभं राहून घ्यायची, हे कुठल्याही व्हिडिओत कळत नाही. गुरुजींना सकाळीच नमस्कार करून ‘अंतरपाटाच्या वेळी तुमच्या डाव्या हाताला उभा राहू का?’ असं विचारणारा मुलगा बहुतेक वेळा तो फोटो घेऊन येतो. सप्तपदीला, लाजाहोमाला धूर कोणत्या बाजूला जातोय हे पाहून जागा बदलणं, कानपिळीला नवरीच्या भावाचा चेहरा धरणं, सूनमुख बघताना आरशातला चेहरा आणि सासूबाईंचे डोळे एकाच चौकटीत आणणं, विहिणीच्या पंगतीत घास तोंडात असतानाचे फोटो न काढणं: हे सगळं कुणाच्या तरी मागे बॅग उचलूनच अंगी येतं.

म्हणून तुळशीचं लग्न झालं की एखाद्या जुन्या, कामाने नाव कमावलेल्या फोटोग्राफरकडे मदतनीस म्हणून जा. पैसे कमी मिळतील, मिळतील तेवढे घे. म्हात्रे पुलाजवळच्या डी. पी. रोडच्या लॉन्सवर संध्याकाळचं रिसेप्शन कर, पेठेतल्या जुन्या मंगल कार्यालयातलं सकाळचं लग्नही कर. दोन्हीकडचा प्रकाश वेगळा, माणसं वेगळी, घाईसुद्धा वेगळी. हॉलमधल्या स्वस्त एलईडीखाली फोटोत काळे-पांढरे पट्टे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिथे शटरचा वेग १/१०० किंवा १/५० सेकंदावर आणला की बहुतेक पट्टे जातात. शेजारी व्हिडिओवाल्याचा पिवळा लाइट आणि स्टेजवरचा जांभळा लाइट एकत्र आले की नवरीच्या त्वचेचं काय होतं, आणि त्यावर फ्लॅश छतावर आपटून कसा सावरायचा, हे पहिल्या दहा लग्नांत शिकशील. छत नसलेल्या लॉनवर काय करायचं, हे पुढच्या दहांत.

कोर्सचं विचारशील. धनकवडीला भारती विद्यापीठाचं फोटोग्राफीचं स्वतंत्र स्कूल आहे. लॉ कॉलेज रोडवरची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट १९६० सालची, तिथे अधूनमधून छोटे कोर्स निघतात. प्रकाश समजून घ्यायला जरूर जा. पण पदवी पाहून लग्नाचं काम कुणी देत नाही.

यादीतलं सामान भाड्याने मिळतं. पुण्यात कॅमेरा बॉडी, लेन्स, लाइट दिवसाच्या भाड्यावर देणारे आहेत, अनामत आणि ओळखपत्र लागतं. पाच-सहा कामं भाड्याच्या सामानावर केलीस की कोणती लेन्स खरोखर वापरतोस ते कळेल. मग यादी आपोआप आखूड होईल. विकत घेशील ती पहिली बॉडी दोन कार्डांचे स्लॉट असलेली घे, म्हणजे प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर उतरतो. जुनी पण चांगल्या स्थितीतली चालेल. घरी आल्यावर, अंघोळीआधी, डेटा दोन हार्ड डिस्कवर उतरव आणि त्यातली एक डिस्क दुसऱ्या घरात ठेव. मावशी जवळ राहत असेल तर तिच्याकडे.

आता दराचं. ‘बाजारात चाळीस चाललाय, मी पस्तीस घेतो’ हा तुझा विचार असणार, सगळ्यांचा असतो. जरा कागद घे. समजा दोन दिवसांच्या लग्नाचे तू ४०,००० रुपये घेतलेस. सोबतच्या फोटोग्राफरला दिवसाला ६,०००, म्हणजे १२,००० गेले. बारा बाय छत्तीस इंचांचा करिझ्मा अल्बम, म्हणजे फोटो थेट पानांवर छापलेला, समजा १०,०००. पेट्रोल आणि हार्ड डिस्क २,०००. राहिले १६,०००. कॅमेऱ्याच्या शटरचं आयुष्य साधारण दीड लाख क्लिक धर. लग्नाला ३,००० क्लिक झाले तर ५० लग्नांत ते संपलं. बॉडी दीड लाखाची असेल तर दर लग्नाला ३,००० रुपयांची झीज. राहिले १३,०००. आता दिवस मोज. लग्नाचे दोन, आधीच्या भेटीगाठींचा एक, फोटो निवडायचा एक, एडिटिंगचे तीन, अल्बम लावून दुरुस्त्या करून द्यायचा एक. आठ दिवस. दिवसाला १,६२५ रुपये पडले, आणि ते पस्तीसमध्ये नव्हे, चाळीसमध्ये. पस्तीस घेतलेस तर हजारच.

हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुझे तू भर. पण आठ दिवसांपैकी सहा दिवस लोकांना दिसत नाहीत, आणि दर मात्र आठही दिवसांचा लावायला हवा. एका आठवड्यात किती तारखा घ्यायच्या हेही त्यातूनच ठरतं. बारशाला पोचलेला अल्बम आठव.

दुसरी गोष्ट पंचांगाची. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी चातुर्मास, बहुतेक मराठी घरांत लग्नं बंद. पौषात कमी. गुरू-शुक्राचा अस्त वेगळाच. त्यात अधिक महिना आला की गणित बिघडतं. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, तो तसाही चातुर्मासातच गेला, धंद्याला कळलंही नाही. २०२६ मध्ये मात्र ज्येष्ठ अधिक, १७ मे ते १५ जून, म्हणजे उन्हाळ्याच्या ऐन सीझनवर कुऱ्हाड. कर्जाचा हप्ता पंचांग पाहत नाही, म्हणून वर्षाचा हिशेब पंचांग समोर ठेवूनच मांड.

मग उरलेले महिने काय? इथे पोर्ट्रेट येतं, आणि इथेच तुझा धंदा खरा वाढेल. ज्या घरचं लग्न केलंस त्या घरात पुढच्या श्रावणात मंगळागौर असते: नऊवारीतल्या पंधरा-वीस बायका, फुगड्या, पहाटेपर्यंत जागरण. पुढे डोहाळजेवण, बारसं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण, हलव्याचे दागिने घातलेलं बाळ. त्याच घरातल्या आजोबांची साठीशांत झालेली असेल तर सहस्रचंद्रदर्शन पुढे आहेच. यातल्या एकाही कामासाठी जाहिरात करावी लागत नाही, नवरीच्या आईकडे तुझा नंबर असला की पुरतं. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला त्या दोघांचा एक चांगला फोटो छापून फ्रेम करून पाठव. खर्च किरकोळ आहे. शिवाय हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांना माणसांचे नीट फोटो लागतात, नाटकातल्या मुलांना पोर्टफोलिओ लागतो, भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलींना अरंगेत्रमचे, म्हणजे पहिल्या जाहीर नृत्यप्रयोगाचे, फोटो लागतात. यांच्या तारखा गुरुजी काढत नाहीत.

इन्स्टाग्राम चालू ठेव. मात्र तिथे रोज डोंगरावरचे प्री-वेडिंग टाकलेस तर लोक तुला डोंगरावरचाच समजतील. सिंहगड रोडवरच्या हॉलमधलं काम हवं असेल तर हॉलमधले फोटो टाक, अंधारातले, गर्दीतले.

नवरीचा फोटो टाकण्याआधी विचारायचं, लेखी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला हक्कदार पैसे देणारा असतो. फोटो काढणारा नव्हे. पुष्कळ फोटोग्राफरांना हे ठाऊक नसतं. म्हणून एका पानाचा मराठी करार कर: किती तास, किती फोटो, अल्बम कोणत्या तारखेपर्यंत, ॲडव्हान्स किती, तारीख पुढे गेली तर काय, तू आजारी पडलास तर तुझ्या जागी कोण, आणि फोटो वापरायची परवानगी. मामाच्या मुलीचं लग्न असलं तरी सही घे. हवं तर तिला अहेर म्हणून एक मोठी फ्रेम दे, दर मात्र कागदावर पूर्ण लिही आणि खाली सवलत दाखव.

ड्रोन यादीतून काढून टाक. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन कमाईसाठी उडवायला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. त्यातून पुण्यात लोहगावला हवाई दलाचा तळ, खडकवासल्याला एनडीए, म्हणजे लष्करी प्रबोधिनी. ड्रोनच्या सरकारी नकाशावरचा लाल, म्हणजे मनाईचा, भाग आधी पाहावा लागतो. लागेल तेव्हा परवानाधारक माणूस बोलव.

ताई, आता कागदपत्रांचं, म्हणजे त्याच्या बाबांना बरं वाटेल. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची नोंदणी, सरकारी पोर्टलवर मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. मोजकीच माणसं कामाला असतील तर शॉप ॲक्टसाठी फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सेवेसाठी जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. सामानासाठी कर्ज लागलंच तर मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळू शकतं. सोनं मोडायच्या आधी बँकेत विचारायला काय हरकत आहे? आणि बँकेची परीक्षा तो देणार असेल तर देऊ दे. चातुर्मासात वेळ असतोच.

आजपासून त्याला एक वही करायला सांगा. डाव्या पानावर कामाचे पैसे, उजव्या पानावर कामाचे दिवस, न दिसणारे सहासुद्धा. तुळशीच्या लग्नापासून होळीपर्यंत ती वही भरली की तिची झेरॉक्स मला पाठवा. सोबत त्याने काढलेले अंतरपाटाचे सगळे फोटो, हुकलेले धरून. मग कॅमेऱ्याचं बोलू.