किती दुखतं ते नको, केव्हा दुखतं ते सांग

तुझा प्रश्न वाचला. रविवारी सिंहगड चढून आलास, फोटो टाकलास, सोमवारी सकाळी कंबर इतकी आखडली की दहाची मीटिंग चुकली, आणि टीम लीड सगळ्यांसमोर म्हणाला, "गड चढता येतो, खुर्चीत बसता येत नाही?" यावर काय बोलावं, आणि घरी "आराम कर" म्हणून मागे लागलेल्या आईला कसं समजवावं, असं तू विचारलं आहेस. वयाने बरीच मोठी आहे, म्हणून अरे-तुरे करते.

तो जे म्हणाला ते अक्षरशः खरं आहे, आणि तेच त्याला शांतपणे सांगायचं. हो, गड चढता येतो आणि खुर्चीत बसून राहता येत नाही. तुला आणि मला असलेल्या अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या मणक्याच्या संधिवाताचं दुखणं असंच असतं. चारचौघांची कंबर ओझं उचलून भरते आणि आडवं पडलं की बरी होते. आपलं उलटं आहे. कणा जिथे कमरेच्या हाडांना मिळतो तिथल्या सांध्यांना आतून सूज असते; पडून राहिलं की ती आखडते, हालचाल केली की सुटते. म्हणून पहाटे तीन-चारला दुखून जाग येते, आणि संध्याकाळपर्यंत माणूस बराच मोकळा होतो. लोकांना आपण दिसतो ते मोकळे झाल्यावर. सकाळी मोजा घालण्यासाठी पलंगाच्या कडेवर बसून, पँटला धरून पाय मांडीवर ओढून घ्यावा लागतो, ते बघायला कुणी नसतं.

"फार दुखतं हो" असं सांगून काही उपयोग होत नाही. ऐकणारा लगेच स्वतःच्या कंबरेवरून माप काढतो आणि त्यात आपण बसत नाही. मी शाळेत शिकवते. स्टाफरूममध्ये मला ऐकवलं गेलं होतं, "गॅदरिंगला दिवसभर उभ्या असता, पेपर तपासायला बसलं की बरोबर तुमची कंबर दुखते." बरोबरच होतं ते, बसल्यावरच दुखते! मुख्याध्यापकांना मी शेवटी दुखण्याचं वर्णन न सांगता त्याचा नियम सांगितला: सकाळचा पहिला तास नको, सलग बसायचं काम नको, उभ्याचं आणि फिरायचं हवं तेवढं द्या. त्यांनी वेळापत्रकात बदल करून दिला. माणसांना दुसऱ्याचं दुखणं कळणं अवघड आहे. नियम मात्र कळतो, आणि पाळताही येतो.

तूही लीडला तोंडी न सांगता मेल लिही. लांबलचक नको. "मला मणक्याच्या सांध्यांना सूज येणारा आजार आहे. बसून राहिलं की वाढतो, चाललं की कमी होतो, म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आहे. सकाळची मीटिंग अकराला ठेवता आली, आणि तासाभराने पाच मिनिटं उठायची मुभा मिळाली, तर माझं काम अडणार नाही." एवढं पुरे. सोबत संधिवाततज्ज्ञांचं पत्र जोड आणि त्यात हेच लिहून माग. नेहमीच्या छापाचं "विश्रांतीची गरज आहे" असं सर्टिफिकेट घेऊ नकोस. ते खरं नाही, आणि त्याच आठवड्यात गडाचा फोटो दिसला की तू खोटा ठरतोस. आजार उफाळला की चालूनही सुटत नाही, वर थकवाही असतो. असे दिवस येतात हेही मेलमध्ये आधीच लिहून ठेव.

एचआर "रिपोर्ट नॉर्मल आहेत" म्हणतात, असंही तू लिहिलं आहेस, त्याबद्दल. ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या या आजारात नॉर्मल येऊ शकतात. एक्सरेवर बदल दिसायला कित्येक वर्षं जाऊ शकतात, सूज त्याआधी एमआरआयवर दिसू शकते. उलट एचएलए-बी२७ ही या आजाराशी जोडलेली जनुकीय खूण रक्तात पॉझिटिव्ह असूनही आयुष्यभर काही न होणारी माणसं पुष्कळ आहेत, म्हणून एकट्या त्या रिपोर्टवर निदान होत नाही. बायकांचं तर आणखी कठीण. हा पुरुषांचा आजार अशी समजूत असल्याने मला "बाळंतपणानंतर असं होतंच" हेच उत्तर बरीच वर्षं मिळालं. त्याचा राग मला अजून येतो.

आईशी वाद घालू नकोस. तेल लावते तर लावू दे, गरम पाण्याचा शेकही चांगला. पण पुढच्या वेळी तिला डॉक्टरांकडे सोबत ने आणि "झोपून राहणं याला चांगलं नाही" हे त्यांच्या तोंडून ऐकू दे. मुलाचं म्हणणं आई मनावर घेत नाही. एका गोष्टीला मात्र ठाम नाही म्हण: मणका बसवून देणाऱ्याकडे जायचं नाही. या आजारात मणके पुढे एकमेकांना जुळू लागतात, जुळलेला कणा ठिसूळ होतो आणि झटक्याने मोडू शकतो. गावाकडचा कितीही हातगुणाचा माणूस असला तरी नको.

आणि कधी एक डोळा लाल होऊन दुखायला लागला, उजेड सहन होईना, तर घरचे म्हणतील डोळे आलेत. मेडिकलमधून ड्रॉप आणू नकोस. या आजारात डोळ्याच्या आत सूज येऊ शकते आणि उशीर झाला तर नजरेवर परिणाम होऊ शकतो. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि बसल्या बसल्या आधी आजाराचं नाव सांग.