रोव्हर्स कप ही गोऱ्या पलटणींची स्पर्धा होती, मग ती बंद पडल्याची हळहळ कशासाठी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 1891 मध्ये ब्रिटिश लष्करी संघांसाठी मुंबईत सुरू झालेली फुटबॉल स्पर्धा 2000-01 च्या हंगामानंतर बंद झाली, तर आपल्या जुन्या लोकांना त्याचं एवढं वाईट का वाटतं? आणि कोकणचा तिच्याशी संबंध काय?

मी वेंगुर्ल्याचा. आमच्याकडे हा कप पाहिलेली माणसं अजून आहेत आणि त्यांच्याशी बोलताना पलटणींचा विषय क्वचितच निघतो. त्यांना आठवतात ते पलटणींच्या नंतरचे संघ, आणि मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

सुरुवात गोऱ्यांचीच होती, यात वाद नाही. शिमल्याचा ड्युरँड कप 1888 चा, त्यानंतर तीन वर्षांनी मुंबईचा रोव्हर्स, आणि 1893 ची कलकत्त्याची आयएफए शील्ड. रोव्हर्सचा पहिला विजेता वूस्टरशायर रेजिमेंटची पहिली बटालियन. पुढे चाळीसहून जास्त वर्षं एकाही भारतीय संघाचं नाव त्या कपावर लागलं नाही. 1923 मध्ये कलकत्त्याच्या मोहन बागान क्लबला बोलावणं आलं. तो संघ थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून 4-1 ने हरला. गोष्ठ पाल यांच्यासारखे त्या काळचे बागानचे खेळाडू अनवाणी खेळत, समोर बूट घातलेले सोल्जर. आपल्याकडे बूट सक्तीचे झाले तेसुद्धा 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून 10-1 असा मार खाल्ल्यावर. म्हणून 1923 च्या त्या पराभवाला मी पराभव म्हणून मोजत नाही. परक्याच्या स्पर्धेत, परक्याच्या नियमांनी खेळून शेवटच्या दिवसापर्यंत टिकणं सोपं नव्हतं.

कप खरा हातात आला 1937 मध्ये. बंगलोर मुस्लिम्स या संघाने अंतिम सामन्यात मोहमेडन स्पोर्टिंगला 1-0 ने हरवलं. म्हणजे अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंना भारतीयच! मोहमेडन तेव्हा कलकत्ता लीग वर्षामागून वर्ष जिंकत होता, तरी बंगलोरच्या संघाने एका सामन्यात त्याला गाठलं. बाद पद्धतीची ही ताकद मला फार मोठी वाटते. लीगमध्ये पैसेवाला, भरपूर राखीव खेळाडू असलेला संघ शेवटी वर येतोच. बाद फेरीत मात्र लहान गावच्या अकरा जणांना एकच दुपार चांगली जावी लागते. पुढच्याच वर्षी बंगलोर मुस्लिम्सने कप पुन्हा जिंकला. 1940 मध्ये तो मोहमेडनकडे गेला.

स्वातंत्र्यानंतरचा काळ तर सोन्याचा. हैदराबाद सिटी पोलीस या संघाने 1950 ते 1954 असा सलग पाच वेळा कप नेला. खेळाडू पोलीस खात्यात नोकरीला आणि प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. याच रहीमसाहेबांच्या हाताखाली भारत 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि 1962 मध्ये जकार्ताला एशियाडचं सुवर्ण जिंकला. मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारा नेव्हिल डिसोझा हा गोवेकर कुटुंबातला, मुंबईत टाटा आणि कॅल्टेक्सकडून खेळलेला. कॅल्टेक्सने 1958 चा रोव्हर्स जिंकला.

इथे कोकण येतं. मुंबई काही कोकणपट्टीबाहेर नाही, आणि त्या काळी आमच्या घराघरातून एक तरी चाकरमानी परळ-लालबागला होता. माझे मामा गिरणीत होते. पहिली पाळी सुटली की सामन्याच्या दिवशी चर्चगेटला उतरून चालत कूपरेजचं फुटबॉल मैदान गाठायचे. गोव्याची पोरं धोबीतलावच्या कुडांमध्ये उतरायची, कुड म्हणजे एकेका गावाने मुंबईत चालवलेली राहण्याची जागा. खेळाडू हौशी होते. पगार कंपनीच्या नोकरीचा, खेळ त्या नोकरीच्या जोडीने. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, आरसीएफ अशी संघांची नावं वाचली तरी त्यावेळची मुंबई डोळ्यांसमोर येते. चांगला लेफ्ट विंगर असणं ही नोकरीची शिफारस होती. घरी मनीऑर्डर पाठवणाऱ्या पोराला याचं मोल किती होतं, ते आमच्या भागात वेगळं सांगावं लागत नाही. सत्तरच्या दशकात देंपोने आणि पुढे साळगावकरने कप गोव्याला नेला, तेव्हा सावंतवाडी-बांद्याकडच्या लोकांना तो आपल्याच घरी आल्यासारखा वाटला.

सगळ्यात जास्त वेळा, 14 वेळा, तो मोहन बागानने जिंकला. शेवटचा कपही त्यांचाच.

बंद का पडला? 1996 मध्ये राष्ट्रीय लीग आली आणि मोठ्या क्लबांचं वेळापत्रक तिच्याभोवती फिरू लागलं. बाद स्पर्धांना त्यात जागा उरेना. ड्युरँडवरही वाईट दिवस आले होते, पण त्याच्यामागे लष्कर उभं आहे. 2019 पासून तो कलकत्त्याला गेला आणि नव्याने उभा राहिला. रोव्हर्सच्या मागे असं कोणी उभं नव्हतं, आणि ज्या कंपन्यांच्या जिवावर मुंबईचं फुटबॉल चालत होतं त्यांनीही एकेक करून संघ बंद केले. महिंद्रचा 2010 मध्ये बंद झाला.

तेव्हा हळहळ इंग्रजांच्या आठवणीची नाही. दारावर पहारा असताना आपल्या माणसांनी आत शिरून ते घर आपलं केलं होतं, ते घर गेलं याची आहे.

पुन्हा सुरू करायचा असेल तर नुसतं नाव घेऊन बड्या क्लबांना बोलावू नये, असं माझं ठाम मत आहे. दिवाळी ते शिमगा या काळात भात कापून झालेलं असतं, मळे कोरडे असतात. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात तेव्हा गावोगावच्या संघांच्या बाद स्पर्धा घ्याव्यात आणि प्रत्येक जिल्ह्याच्या विजेत्याला कूपरेजवर मुख्य फेरीत थेट प्रवेश द्यावा.