१९४० मध्ये ब्रिटन तगला तो चर्चिलच्या भाषणांमुळेच का?

नाही, निव्वळ भाषणांमुळे नाही. चर्चिलचं खरं वजन पडलं ते बंद दाराआड, २६ ते २८ मे १९४० च्या युद्धमंत्रिमंडळाच्या बैठकांत. फ्रान्स कोसळत होता आणि परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स यांचं म्हणणं होतं, इटलीमार्फत तहाच्या अटी काय मिळतात ते निदान पाहावं. चर्चिल अडून बसले. मजूर पक्षाचे ॲटली आणि ग्रीनवुड त्यांच्या बाजूने राहिले आणि शेवटी (हे सहसा कुणी सांगत नाही) आधीचे पंतप्रधान चेंबरलेनसुद्धा. या बैठकांची इतिवृत्तं आता खुली आहेत, त्यात ही ओढाताण स्पष्ट दिसते. ‘समुद्रकिनाऱ्यांवर लढू’ हे ४ जूनचं प्रसिद्ध भाषण तर त्या दिवशी लोकांनी चर्चिलच्या आवाजात ऐकलंच नाही. ते संसदेत झालं, रेडिओवर निवेदकाने त्यातले उतारे वाचले. आज ऐकू येतं ते १९४९ चं ध्वनिमुद्रण. जर्मनीची ब्रिटनवरची प्रत्यक्ष स्वारी अडवली ती रडार, लढाऊ विमानं आणि आरमाराने. जर्मन नौदलाने नॉर्वेतल्या नार्विक बंदरापाशी १० विनाशिका गमावल्या होत्या, आणि सैन्य पलीकडे न्यायला त्यांच्याकडे होते मुख्यतः नदीत चालणारे सपाट तळाचे मालवाहू पडाव (बार्ज). १७ सप्टेंबरला हिटलरने बेत बेमुदत पुढे ढकलला. अर्थात भाषणं वाया गेली असंही नाही: तहाची चर्चा पुन्हा उघडपणे काढणं त्यांनी राजकीयदृष्ट्या अवघड करून टाकलं.